मिस्त्री प्लग पाहतात

गाडी कशीही बिघडून आली तरी मिस्त्री आधी प्लग काढायचे. ब्रेक लागत नाही म्हणून आलेल्या गाडीचाही काढायचे. गिऱ्हाईक वैतागायचं, "ब्रेकचं सांगून राह्यलो ना मिस्त्री मी!" तर हे म्हणायचे, "पाय मुरगळून वैद्याकडं गेला तरी तो जीभ पाह्यतेच ना? तशी गाडीची जीभ पाहू दे मले." मग गिऱ्हाइकाला शेजारी उकिडवं बसवायचे, प्लग उजेडाकडे धरायचे आणि टोकाचा रंग त्याला दाखवायचे. मालकाने आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा पाना हातात घ्यायचा नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. त्यापायी दिवसाला दोन गाड्या कमी व्हायच्या, पण ऐकतील तर मिस्त्री कसले.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. आर्णीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. मिस्त्री म्हटलं की तो प्रश्नच मिटतो.

ज्यांनी कधी प्लग हातात घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढी वस्तू असते, इंजिनाच्या डोक्यात आट्यांवर घट्ट बसवलेली. तिच्या टोकाशी ठिणगी पडते, त्यावर पेट्रोल पेटतं आणि गाडी चालते. ते टोक सारखं आगीत असतं, त्यामुळे आत काय चाललंय त्याचा रंग त्याच्यावर चढतो. बिस्किटासारखा रंग असला तर गाडी ठणठणीत. तव्याच्या बुडाला असते तशी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी. काळा आणि ओला, बोटाला चिकट लागणारा असला तर इंजिन ऑइल खातंय, म्हणजे मोठं काम. आणि पांढराफटक असला तर पेट्रोल कमी पडून आत नको तितकी आग होतेय. हा पांढरा सगळ्यांत वाईट. काळ्या प्लगची गाडी कुरकुरत का होईना घरी आणते, पांढऱ्या प्लगची एक दिवस भर रस्त्यात जाम होते.

तीस वर्षं मी हे ऐकत आले. पण ऐकणं म्हणजे काय, चहा द्यायला बाहेर गेलं की कानावर पडायचं तेवढंच. आमचं घर गॅरेजच्या मागेच. मध्ये एक दार आहे, त्या दारातून चहा बाहेर जायचा आणि काळे झालेले कप आत यायचे. त्या कपांवरून मी त्यांच्याशी जितकं भांडले तितकं कशावरून भांडले नसेन.

साडेतीन वर्षांपूर्वी मिस्त्रींना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं, कळतंही, पण तोंडातून एकच शब्द बाहेर येतो: बरं. जेवता का? बरं. नाही जेवत? बरं. डास चावून राह्यले का? बरं. तीस वर्षांत या माणसाने माझ्या एका गोष्टीला कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि आता दुसरं काही म्हणता येईना. पहिल्या महिन्यात एकदा मला त्याचं हसू आलं आणि मग हसताना रडूच आलं.

सहा महिने शटर बंद राहिलं. मुलगी नागपूरला असते, तिचा संसार, तिची नोकरी. ती फोनवर म्हणाली, "आई, गॅरेज देऊन टाक कोणाले भाड्यानं अन् दोघंही इकडं या." फोन स्पीकरवर होता. मिस्त्री खाटेवर पडून ऐकत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितलं की आम्ही येत नाही, आणि मग त्यांनी डाव्या हाताने दोन घास खाल्ले. हट्टी माणूस जिभेवाचूनही हट्टी असतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या किराणावाल्याची गाडी सुरू होईना. तो सहज म्हणाला, "काकू, तुम्ही इतके वर्ष पाह्यलं, काढून तर पाहा प्लग." मी काढला. काळा होता एवढं दिसलं, पुढचं काही कळेना. म्हणून तो तसाच आत नेला आणि मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी डाव्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडात फिरवला आणि एक बोट वर केलं. मी विचारलं, "एक म्हणजे? पेट्रोल जास्त?" तर म्हणाले, "बरं!" असं जोरात की बाहेर किराणावाल्याला ऐकू गेलं.

तिथून आमची बोटांची भाषा ठरली. एक बोट म्हणजे काजळी, पेट्रोल कमी कर. दोन बोटं म्हणजे ऑइल. तीन म्हणजे पांढरा, जपून. मूठ म्हणजे प्लगात दोष नाही, दुसरीकडे बघ. पान्याचं काम मी करता करता शिकले. आधी बोटं सोलली, मग सोलायची थांबली. कापूस वेचायला जाताना बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात, तसा मी कुडत्यावर मिस्त्रींचा खाकी शर्ट चढवला आणि शटर उघडलं. नव्या गाड्या आमच्याकडे येत नाहीत. त्या कंपनीच्या शोरूमला जातात, तिथे म्हणे वायर जोडली की गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते. आमच्याकडे येतात त्या दहा-पंधरा वर्षांच्या, खेड्यापाड्यांतल्या. त्यांना अजून कोणीतरी जीभ पाहावी लागते.

आर्णीत बोलवा झाली की बाई नुसता पाना फिरवते, पाहतात मिस्त्रीच. लोक गाडी लावताना विचारायचे, "मिस्त्री पाह्यतेत ना?" मी म्हणायची, "पाह्यतेत." याचं मला वाईट वाटत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत आले. थोडं वाटायचं. पण ते "पाह्यतेत" ऐकलं की आतल्या खोलीत खाट करकरायची, मिस्त्री सावरून बसायचे. तो आवाज मला हवा असायचा.

वर्षभरात मला प्लग वाचता यायला लागला. बाहेरच कळायचं की काजळी आहे की ऑइल. तरी मी आत न्यायची. खरं कारण सांगते: दुसरं बोलायला होतं काय आमच्यात? दिवसभर गॅरेजात पुरुष, ते गाडीपुरतं बोलणार आणि जाणार. बायकांत जावं तर हाताला पेट्रोलचा वास. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तेव्हा वाण देणारी माझ्या नखांकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी मी गेलेच नाही, आणि का आली नाहीस म्हणून कोणी विचारलंही नाही. घरात एक माणूस, त्याच्याकडे एक शब्द. तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा मी प्लग घेऊन त्या दारातून आत जायची आणि म्हणायची, "पाहा जी, काजळी धरली वाटते." ते फिरवून पाहायचे, एक बोट वर करायचे. "पाहा बरं, हे ऑइलच ना?" दोन बोटं. एवढाच आमचा संसार उरला होता. मला वाटायचं, मी न समजल्याचं सोंग करून त्यांचा मान राखतेय. याचा मला जरा गर्वही होता.

गेल्या हिवाळ्यात एक दूधवाला आला. जवळच्या गावाहून दोन कॅन बांधून रोज पहाटे आर्णीत दूध घालतो. म्हणाला, "काकू, चढावर गाडीचा दम तुटून राह्यला. फट फट करते अन् मरते." मी प्लग काढला. कोरडी काजळी, अगदी सरळ. आत नेला. "काजळीच आहे ना जी?" एक बोट. मी एअर फिल्टर साफ केला, स्क्रू फिरवून पेट्रोल थोडं कमी केलं आणि त्याला लावून दिलं.

चार दिवसांनी तो परत आला. दुखणं वाढलं होतं. पुन्हा प्लग काढला, पुन्हा काजळी. पुन्हा आत. पुन्हा एक बोट. मी पेट्रोल आणखी कमी केलं. मिस्त्रींनीही तेच सांगितलं म्हटल्यावर मला शंका घ्यायचं कारण नव्हतं.

तिसऱ्यांदा आला तो गाडी ढकलत. दुपार झाली होती. सकाळी दूध घेऊन येताना चढावर गाडी जी बंद पडली ती तासभर सुरूच झाली नाही, इंजिनाला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं; मग रांगत रांगत दूध घालता घालता आर्णीत ती पुन्हा मेली. माणूस सभ्य, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "काकू, एक डाव मिस्त्रीले नीट विचारा ना. तुमी सांगतल्यावर नाई, त्याइले पाहू द्या."

मी प्लग काढला. तीच काजळी. पण काजळीचा उपाय दोनदा करून गाडी मरायला टेकली होती, म्हणजे हा रंग काहीतरी लपवत होता. मला खरंच काही सुचत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या दारातून आत गेले ती सोंग न करता. मिस्त्रींसमोर उभी राहिले आणि प्लग पुढे धरला. बोलले काहीच नाही, कारण बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

मिस्त्रींनी प्लग घेतला. फिरवला. आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी वाट पाहत होते. तेही वाट पाहत होते. त्यांचा हात थोडा वर आला, बोटं अर्धवट उघडली आणि तशीच राहिली. "बरं?" ते म्हणाले, विचारल्यासारखं. मी तरी गप्प. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना. प्लग हातात होता आणि त्याच्याकडे ते बघतच नव्हते.

मी बाहेर आले. दूधवाला म्हणाला, "काय म्हणतेत?" मी म्हटलं, "थांबा जरा, पाहून राह्यले." फळीवर नवे प्लग असतात. एक डबी उघडली. आतला प्लग कोरा करकरीत, अजून कुठल्याही इंजिनात न गेलेला, टोक दुधासारखं स्वच्छ. तो घेऊन मी आत गेले. आवाजात काळजी आणली आणि म्हटलं, "हा पाहा जी. लय ऑइल खाऊन राह्यली वाटते."

मिस्त्रींनी तो हातात घेतला. खिडकीकडे वळले. पूर्वी वळायचे तसेच, एक डोळा बारीक करून. प्लग उजेडात एकदा असा, एकदा तसा फिरवला. मग खाली ठेवला आणि मला दोन बोटं दाखवली.

मी आयुष्यात काही फार पुण्यवान वागलेली बाई नाही, सासूला उलटून बोलले आहे, बहिणीशी वर्षभर अबोला धरला आहे. पण त्या खोलीत मी जे केलं त्याची लाज मला त्या सगळ्यापेक्षा जास्त वाटते. त्यांना साखर आहे, नजर थोडी कमी झालीय हे मला ठाऊक होतं. थोडी म्हणजे किती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि ते सांगणार कसे? बरं म्हणून?

कोरा प्लग घेऊन मी बाहेर आले आणि पंक्चरच्या टाकीजवळ बसले. आधी मला राग आला. या माणसाने मला फसवलं. माझ्या आवाजावरून, तोंडावरून ओळखायचा आणि बोटं दाखवायचा! मग माझ्याच लक्षात आलं की मीही तेच करत होते. मला उत्तर ठाऊक असताना मी विचारायची, त्यांना प्लग दिसत नसताना ते पाहायचे. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की फक्त आपणच सांभाळतोय. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला हसू आलं नाही. कारण त्याच्या मागून दुसरी गोष्ट ध्यानात आली. इतके महिने मी त्या दारातून आत जाऊन जे बोलून येत होते, ते माझं माझ्याशीच होतं. दूधवाल्याच्या गाडीवर दोनदा जे एक बोट मिळालं तेही माझंच. ज्याला मी आमचा संसार म्हणत होते त्यात मी एकटीच होते.

समोर दूधवाला चहाच्या टपरीवर बसून माझ्याकडे बघत होता. त्याच्या गाडीचं काहीतरी करणं भाग होतं.

मी डोक्याला ताण दिला. मिस्त्री कधी कधी गिऱ्हाइकाची गाडी घेऊन हायवेला जायचे, खिशात प्लगचा पाना घालून. मला वाटायचं, हवा खायला जातात. एकदा टोमणा मारला तर म्हणाले होते, "रांगत घरी आलेली गाडी खोटं बोलते वं. पळताना तिले धरलं पाह्यजे." तेव्हा मी ते कपांबरोबर विसळून टाकलं होतं. आता अर्थ लागला. दूधवाला गल्लीगल्लीतून हळू जातो, दारात गाडी चालू ठेवून दूध मापतो. तेवढ्या वेळात प्लगवर काजळी चढते. मी बघत होते ती गल्लीतली काजळी. चढावर, ओझ्याखाली आत काय होतं ते त्या काजळीने झाकून टाकलं होतं.

मी कोरा प्लग त्याच्या गाडीत बसवला. कॅन नळावर भरून घेतले, वजन तितकंच पाहिजे म्हणून. दूधवाला धावत आला, "काकू, तुमी? हायवेवर?" मी म्हटलं, "मिस्त्रीनं सांगतलं." आतून खाट करकरली.

गाडी मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत असे, फार तर बसस्टँडपर्यंत. चौपदरी रस्त्यावर कधी नाही. यवतमाळच्या बाजूला निघाले. ट्रक अंगावरून जात होते. मिस्त्रींचा शर्ट वाऱ्याने फुगला होता. कडेच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. त्यांच्याही अंगावर नवऱ्यांचे शर्ट. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर चढ लागला. मी ॲक्सिलेटर पूर्ण पिळला. गाडी ओढत होती, मग फटफटायला लागली. तिथेच क्लच दाबला आणि चावी फिरवली.

इंजिन गेलं आणि एकदम सगळं गप्प झालं. गाडी होत्या वेगाने थोडी वर सरकत गेली, नुसता टायरचा आवाज. कडेला थांबले. खिशातल्या पान्याने सैल करून, शर्टाच्या टोकाने धरून प्लग काढला, तरी बोट भाजलं. उजेडाकडे धरला.

पांढरा. काजळीचा ठिपका नाही. टोकावर बारीक दाणे यायला सुरुवात झालेली. गाडीला पेट्रोल जास्त होत नव्हतं, कमी पडत होतं, आणि मी दोनदा ते आणखी कमी केलं होतं. आणखी एक-दोन फेऱ्यांत इंजिन जाम झालं असतं आणि हा माणूस कॅनसकट रस्त्यावर आपटला असता.

मला भीती वाटायला पाहिजे होती, पण मला आनंद झाला. इतका की मी प्लग हातात घेऊन वळले, दाखवायला. मागे तुरीचं शेत होतं, फुलावर आलेलं. शेतात कोणी नव्हतं. मी प्लग परत बसवून हळूहळू आर्णीला आले.

पुढचं काम सोपं होतं. पेट्रोलच्या टाकीत गंज धरला होता, त्याचा गाळ खाली उतरून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसला होता. गल्लीत लागतं तेवढं पेट्रोल त्यातून यायचं, चढावर लागतं तेवढं यायचं नाही. टाकी धुतली, छिद्र फुंकून मोकळं केलं, माझे फिरवलेले स्क्रू जागेवर आणले, पांढरा पडलेला प्लग काढून दुसरा नवा बसवला. दूधवाला चढापर्यंत जाऊन आला. पाण्याने भरलेल्या कॅनसकट गाडी हूं की चूं न करता चढली म्हणाला.

मग तो म्हणाला, "मिस्त्रीले दाखवा तो प्लग. मले पाहू द्या ते कसं पाह्यतेत." आणि माझ्या मागून आत आला.

मी खाटेजवळ गेले. आता मला माहीत होतं की माझ्या आवाजात जे असेल तेच मिळणार. म्हणून मी ते नीट ठेवलं. "पाहा जी. पांढरा पडला वाटते. पेट्रोल कमी जाऊन राह्यलं होतं का?" मिस्त्रींनी प्लग घेतला. दूधवाल्याची चाहूल लागली तसे ताठ बसले. खिडकीकडे वळले, एक डोळा बारीक केला, सावकाश फिरवला. तीन बोटं वर केली.

"असं!" दूधवाला मांडीवर थाप मारून म्हणाला. "दोन डाव काकूनं घोळ केला, तिसऱ्या डावाले मिस्त्रीनं धरलंच. डोळा पाह्यजे तर असा!"

"बरं," मिस्त्री म्हणाले. आजारानंतर पहिल्यांदा तो शब्द मला योग्य ठिकाणी आल्यासारखा वाटला. त्यांचं तोंड उजळलं होतं. लकव्याने खाली ओढलेला ओठसुद्धा जरा वर आला होता. दूधवाला त्यांच्या पाया पडला. मी दाराला टेकून उभी होते, भाजलेलं बोट शर्टात धरून.

पुढच्या महिन्यात साखर तपासायची आहे सांगून मी त्यांना यवतमाळला नेलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, साखरेने डोळ्यांचा पडदा गेलाय, इंजेक्शनने आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. माणूस समोर आला तर कळेल, चेहरा कळेल, बारीक काही दिसणार नाही, आणि हे कमीत कमी वर्ष-दीड वर्षापासून आहे. "त्यांनी काही सांगितलं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही." डॉक्टरांना ते पटलं.

आता मी प्लग आधी बाहेर पाहते, ठरवते, गरज पडली तर हायवेवर जाऊन पाहते, आणि मग आत नेते. "पाहा जी," म्हणते. ते पाहतात. बोटं बरोबर येतात. त्यांना माझं कळलंय का, हे मला माहीत नाही. विचारायची काही सोय नाही, बरंच म्हणतील.

मात्र त्या दुपारची गोष्ट माझ्या पोटात तशीच आहे. मुलीला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "आई, तू हायवेवर कायले गेलीस, पडली असतीस तर?" किराणावाल्याला सांगण्यात अर्थ नाही, त्याला गाडी सुरू झाल्याशी मतलब. भर चढावर पळत्या गाडीचं इंजिन बंद करून, काजळीखालचा पांढरा रंग मी एकटीने धरला, त्यात काय होतं, हे ऐकून ज्याचा ऊर भरून येईल असा माणूस आर्णीत एकच आहे. तो दाराच्या आत खाटेवर बसला आहे, रोज दिवसभर, माझ्यापासून दहा पावलांवर. आणि त्याला ते सांगितलं तर त्याच क्षणी तो मिस्त्री राहत नाही.